अंगणातल्या फरशीखालचं चेंबर

घर बांधताना लोक हॉलच्या रंगावरून भांडतात, आमच्या घरात पाइपांवरून भांडणं झाली. खरं सांगायचं तर भांडले मीच. नवऱ्याची नोकरी धुळ्याला, तो शनिवारी यायचा. आठवडाभर जळगावच्या त्या प्लॉटवर डोक्याला रुमाल बांधून उभी राहायचे ती मी. मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी आपली पातळी राखतं, हे फळ्यावर लिहून लिहून माझे खडू झिजले आहेत. त्यामुळे सांडपाण्याच्या लाइनीचं काम निघालं तेव्हा मला वाटलं, हे आपलं खातं आहे, इथे कुणी आपल्याला शिकवू नये.

आणि मी शिकले खरंच. संडासाची लाइन वेगळी, ती मागच्या सेप्टिक टँकमध्ये. मोरी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांची लाइन वेगळी, ती घराच्या बाजूने पुढे येते, अंगणाच्या कोपऱ्यात वळते आणि फाटकाबाहेरच्या गटाराला मिळते. आमच्या कॉलनीत अजून भूमिगत गटार आलेलं नाही. पाइपाला उतार हवा, पण फार नको. फार दिला तर पाणी पळून जातं आणि घाण मागे राहते. जिथे लाइन वळते तिथे विटांचं चौकोनी चेंबर हवं, त्यावर झाकण हवं, म्हणजे कधी तुंबलं तर उघडून बघता येतं. हे सगळं मी कागदावर काढलं, पाहुण्यांना समजावून सांगितलं, शेजारच्या बाईंच्या घराचा उतार चुकलाय हेही त्यांना न विचारता सांगून आले.

घर बांधलं ते मुळात अक्कांसाठी. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं शिंदखेडा त्यांना अक्का म्हणतं, लग्नानंतर मीही तेच म्हणायला लागले. सासरे गेल्यावर त्या शिंदखेड्याच्या जुन्या घरात पुतण्याच्या कुटुंबासोबत राहत होत्या. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांना करमायचं नाही. "तुमचं घर व्हऊ द्या, मंग येस मी," असं त्या म्हणायच्या, आणि नवऱ्याने ते वाक्य मनावर घेतलं होतं. मागे धुण्याभांड्यांची मोठी मोरी, तिला कडाप्पाचा काठ, वर मोकळी गच्ची, हे सगळं त्यांच्या हिशेबाने केलेलं.

त्या राहायला आल्या तेव्हा त्यांनी आधी देव बघितले, मग स्वयंपाकघर आणि मग मोरीत येऊन उभ्या राहिल्या. नळ सोडला. पाणी जाळीतून खाली गेलं. त्या वाकून बघत राहिल्या आणि मग मला विचारलं, "मोरीनं पानी कथं जास?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. शिंदखेड्याच्या घरी मोरीचं पाणी कुठे जातं ते पोरासोरालाही दिसायचं. मोरीच्या भिंतीला भोक, भोकाबाहेर फरशीची उघडी नाली, नालीच्या कडेला अळू आणि एक कढीपत्ता, आणि पुढे गल्लीतलं गटार. अक्का रोज सकाळी खराट्याने ती नाली लोटायच्या. भाताची शितं अडकली की दिसायची, कोंबड्या येऊन टिपून जायच्या. त्या घरात पाण्याचं काही लपून राहत नव्हतं.

मी त्यांना माझा धडा दिला. जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी कायम उभं राहतं, म्हणून वास आणि झुरळं वर येत नाहीत. अक्का ऐकून घेत होत्या. घरात साचलेलं पाणी मुद्दाम ठेवायचं, हे काही त्यांना पटलं नाही, पण "बरं शे," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या जाळीत रोज एक तांब्या कढत पाणी ओतू लागल्या. मी हसले. आमच्या स्टाफरूममध्ये सांगूनही हसले.

आता त्या चेंबरबद्दल. अंगणाच्या कोपऱ्यातलं ते चेंबर बरोबर फाटकातून आत येतानाच डोळ्यांवर यायचं. सगळीकडे बिस्किटी रंगाच्या फरश्या आणि मध्ये ते करडं सिमेंटचं झाकण. वास्तुशांतीला माझ्या माहेरचे, फैजपूरचे, सगळे येणार होते. दारात पाय ठेवल्या ठेवल्या गटाराचं झाकण दिसावं, हे मला सहन होईना. मी गवंड्याला म्हटलं, यावरून फरशी मारून टाका. नंतर बघू. तो बरं म्हणाला आणि फरश्या कापून बसवल्या. अंगण इतकं एकसारखं दिसायला लागलं की मी त्याचे फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी मुलांना अर्थासकट पाठ करायला लावते.

पहिला उन्हाळा आला. चैत्रात अक्कांनी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं काढलं. आमच्या खान्देशात उन्हाळ्यात बिबडे झाले नाहीत तर घराला घर म्हणत नाहीत. ज्वारी भिजवायची, उपसायची, कांडून घ्यायची आणि पहाटे मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा. मग गच्चीवर ओली धोतरं अंथरून त्यावर हाताने गोल गोल थापायचं. कॉलनीतल्या बायका आल्या होत्या. बहुतेक जणी खेड्यातूनच आलेल्या, पण कॉलनीत आल्यापासून बिबडे विकत आणणाऱ्या. अक्कांनी त्यांना कामाला लावलं. वाटीत गरम घाटा, त्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल, असं एकेकीच्या हातात देत होत्या. नवीन घरात आल्यापासून त्या इतक्या मोकळ्या मी पाहिल्या नव्हत्या. एरवी माझ्या स्वयंपाकघरात त्या पाहुण्यासारख्या कडेने वावरायच्या. त्या दिवशी गच्ची त्यांची होती.

ऊन तापल्यावर सगळ्या खाली आल्या. अक्कांनी पातेली मोरीत घेतली आणि खरवडून धुवायला सुरुवात केली. मी आत सरबत करत होते. थोड्या वेळाने न्हाणीघरातून कसलासा आवाज आला, जाऊन बघते तर जाळीतून पाणी वर येत होतं. पांढुरकं, घाट्याचं, आणि त्याच्या मागून साबणाचं काळं. बघता बघता ते उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आलं. बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. एकीने नाकाला पदर लावला, तो माझ्या नजरेतून सुटला नाही. माझं ते कागदावर आखलेलं, सगळ्यांना समजावून दिलेलं घर त्यांच्यासमोर ओकत होतं.

मी मोरीत गेले. अक्का पातेलं पालथं घालत होत्या. मी म्हटलं, "अक्का, ही काय शिंदखेड्याची नाली आहे का, वाटेल ते ओतायला? पाइप आहे हा. खळ ओतल्यावर तुंबणारच. किती वेळा समजावलं तुम्हाला, पालथ्या घड्यावर पाणी." आवाज चढलेला होता. वर्गात चढतो तसा. मागे सगळ्या बायका होत्या.

अक्का उभ्या राहिल्या. हाताला घाटा लागलेला होता, तो त्यांनी धुतला नाही, लुगड्यालाच पुसला. "मन्हं चुकनं," एवढंच म्हणाल्या. बायकांनी आपापल्या वाट्या गोळा केल्या आणि गेल्या.

प्लंबर आला. त्याने मागच्या बाजूने बांबूची लांब पट्टी आत सारली, मागेपुढे केली. पुढे चेंबर कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आहे पुढे, पण फरशीखाली आहे आणि तिकडे काही नाही, घाटा इथेच अडकलाय. मी इतक्या ठाम आवाजात बोलले की त्याने चेंबरचा नाद सोडला. पट्टी रेटून रेटून त्याने वाट केली आणि पाणी उतरलं. मला वाटलं, बघा.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी मोरीत पाणी ओतणं बंद केलं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग बघितलं तर त्या भांडी टबात धुवायच्या, टबातलं पाणी बादलीत ओतायच्या आणि बादली घेऊन अंगणातून, फाटकातून बाहेर, रस्त्याच्या कडेच्या निंबाच्या बुडाशी रिकामी करायच्या. डाळ-तांदळाचं धुवण तसंच. चहाचं पातेलं विसळलेलं पाणीसुद्धा तसंच. अंघोळीलाही इतकं कमी पाणी घ्यायला लागल्या की बादलीचा आवाज यायचा नाही. कढत पाण्याचा तो तांब्याही थांबला.

मी म्हटलं का, अहो एवढं कशाला? एकदा म्हटलं असेन, वरवर. मनातून मला बरंच वाटत होतं. सांगितलं की समजतं, वेळ लागतो, असं मी नवऱ्याला फोनवर म्हणाले. कॉलनीतल्या बायकांनी बादलीबद्दल विचारलं तर अक्का सांगायच्या, "सूनले बठ्ठं समजस. पाइपले तरास व्हस." सुनेला सगळं समजतं, एवढंच. कधी माझ्याविरुद्ध शब्द नाही. त्यांचं ते बादली घेऊन वाकत जाणं मी रोज बघायचे आणि शाळेला निघायचे.

पावसाळ्यात मोरी पुन्हा तुंबली. घाटा नाही, खळ नाही, शीत नाही. अक्का तर एक थेंब टाकत नव्हत्या, आणि त्या आठवड्यात पुतण्याकडे शिंदखेड्याला गेल्या होत्या. मी वॉशिंग मशीन लावलं होतं, त्याचंच पाणी वर आलं. दोष द्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं. शनिवारी नवरा आला आणि आम्ही अंगणातल्या त्या कोपऱ्यातल्या फरश्या फोडल्या.

झाकण उचललं. चेंबरच्या तळाशी, पाइप जिथे वळतो तिथेच, सिमेंटचा गोळा घट्ट बसलेला होता. फरश्या बसवताना कालवलेला माल झाकणाच्या फटीतून आत पडला असणार आणि तिथेच दगड झाला असणार. त्याच्या अंगात फरशीचा एक तुकडा रुतलेला होता. बिस्किटी रंगाचा. अर्ध्याहून जास्त वाट त्याने अडवलेली होती. जे काही जाडसर येईल ते तिथे थटणार, एवढं सातवीच्या मुलालाही कळलं असतं. नवऱ्याने छिन्नीने तो गोळा सोडवला आणि बाहेर ठेवला. पाणी असं गेलं, जसं पहिल्या दिवशी जायला हवं होतं.

त्याने तो तुकडा अंगठ्याने पुसून बघितला. मग म्हणाला, "आईला सांग."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. अक्का परत आल्या त्या दिवशी पाहुणे होते. नंतर परीक्षा होत्या. नंतर दिवाळी आली. सांगायला काय लागतं, एक वाक्य लागतं. पण ते वाक्य तोंडाशी आलं की मला त्या सगळ्या बायका आणि लुगड्याला हात पुसणाऱ्या अक्का दिसायच्या आणि मी दुसरंच काहीतरी बोलायचे. "अक्का, आता पाइप मोठा झालाय, ओतत जा मोरीत," असं एकदा म्हणाले. खोटंच. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. निंबले पानी व्हस." तो गोळा मी फेकलाही नाही. पिशवीत घालून गच्चीच्या जिन्याखाली ठेवून दिला होता. येता-जाता त्या पिशवीकडे बघायचं नाही, ही नवी शिस्त मी स्वतःला लावून घेतली.

यंदा होळी झाली आणि अक्का म्हणाल्या, बिबडे करायला मी शिंदखेड्याला जाते. मी म्हटलं, इथेच करू की, बायका विचारतायत. "तठे नाली उघडी शे," त्या म्हणाल्या. रागाने नाही. जसं एखादी म्हणेल की तिकडे ऊन चांगलं आहे. जाताना त्यांनी त्यांची पत्र्याची पेटी बरोबर घेतली. बिबड्यांना पेटी कशाला लागते? पुतण्याच्या बायकोचा नंतर फोन आला की अक्का इथेच राहायचं म्हणतायत, तुमचं काही झालं का? मी म्हटलं, नाही, काही नाही. फोन ठेवला आणि मला रडू आलं. ज्या बाईसाठी घर बांधलं ती बाई एक पेटी घेऊन घरातून गेली होती, आणि जाताना तिने माझ्यावर ठपकाही ठेवला नव्हता. ठेवला असता तर मी भांडले असते, मला ते जमतं.

रविवारी जिन्याखालची पिशवी काढली आणि गाडीत बसले. अमळनेर, नरडाणा मागे पडलं. मांडीवर ती पिशवी. शेजारच्या बाईने विचारलं, पाटा नेताय का एवढा जड? मी हो म्हटलं. रस्ताभर मी मनात ठरवत होते की सगळ्यांसमोर अपमान केला, तर सगळ्यांसमोरच कबूल करायचं. चारचौघांत. मला ते फार न्यायाचं वाटत होतं. अशी मी, माफी मागायची तरी वर्ग भरवून.

पोहोचले तेव्हा अंगणात बिबडे चालू होते. धोतरं अंथरलेली, पाच-सहा बायका, मध्ये अक्का. मला बघून त्या खुश झाल्या, खरंच झाल्या. "बस, घाटा खाय," म्हणाल्या. मी बसले नाही. पिशवीतून तो गोळा काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच बोलायला लागले. अक्का, गेल्या वर्षी मोरी तुंबली ती तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. चेंबरवर मी फरशी टाकली, हे सिमेंट आत पडलं. मी तुम्हाला सगळ्यांसमोर वाटेल तसं बोलले, नाली काय, पालथा घडा काय. आणि हे सापडल्यावरही मी तुम्हाला सांगितलं नाही.

बायकांचे हात थांबले. एकमेकींकडे बघितलं. मग एक म्हातारी अक्कांकडे वळून म्हणाली, "सून असं बोलनी तुले?"

तेव्हा मला कळलं. इथे कुणाला काहीच माहीत नव्हतं. अक्कांनी ती गोष्ट शिंदखेड्यात एका माणसालाही सांगितलेली नव्हती. इथे त्यांची सून मास्तरीण होती, जळगावला मोठं घर होतं, आणि सासूला ती फुलासारखं ठेवत होती. ते सगळं मी आत्ताच, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच बायकांपुढे मोडून ठेवलं होतं. अक्कांचा चेहरा उतरला. जळगावच्या मोरीत उतरला नव्हता इतका.

मग त्यांनी तो गोळा उचलला, उलटापालटा करून बघितला आणि बायकांना म्हणाल्या, "मास्तरीन शे ना. तिले बठ्ठं तपासानं ऱ्हास." आणि हसल्या. बायकाही हसल्या. हात पुन्हा चालू झाले. गोळा त्यांनी नालीच्या कडेला, अळूच्या बुडाशी सरकवून दिला.

बायका पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. त्या हळूच म्हणाल्या, "ह्या बायास्ले काय माहीत व्हतं? तिकडल्यास्ले सांगाले जोयजे व्हतं." मी मान खाली घातली. कॉलनीतल्या बायकांना सांगायची मला लाज वाटत होती, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. इथल्या बायका मला रोज थोड्याच दिसणार होत्या?

त्या माझ्याबरोबर जळगावला आल्या. मी आग्रह केला म्हणून नाही. मी एकटी परत गेले असते तर म्हातारीचा तो प्रश्न गल्लीभर फिरला असता, आणि त्यांना ते नको होतं. पेटी मी उचलली, ती त्यांनी उचलू दिली. पुढच्याच आठवड्यात मी कॉलनीतल्या बायकांना घरी बोलावलं, अंगणातलं झाकण उघडून दाखवलं आणि सगळं सांगितलं. कुणी काही मनावर घेतलं नाही. एक तर म्हणाली, आम्हाला वाटलंच होतं, एवढ्याशा घाट्याने पाइप तुंबतो का कधी? तिला वाटलंच होतं, आणि मी विज्ञान शिकवते.

झाकणावर मी पुन्हा फरशी बसवली नाही, अंगणात ते करडंच आहे, फाटकातून आल्यावर आधी तेच दिसतं. बादलीही मी उचलून गच्चीवर ठेवून दिली. अक्का हल्ली मोरीत पाणी ओततात. पण पातेलं हातात घेऊन जाळीपाशी उभ्या राहतात, मी घरात असेन तिकडे मान वळवतात आणि विचारतात, "वतू का?"

मी म्हणते, अक्का, विचारायचं काय त्यात, घर तुमचं आहे. त्या बरं म्हणतात आणि ओततात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. मी शाळेत असते तेव्हा काय करतात, ते एकदा शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पातेली तशीच ठेवून देतात, तुम्ही यायची वाट बघतात.